गाळणीत अडकले ते गेले कुठे? : खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयातील शुद्धीकरण-पद्धतींची चिकित्सा

समुद्री मासे घरी किंवा शाळेत पाळू इच्छिणारा माणूस दुकानात जातो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, "कोणता फिल्टर घेऊ?" दुकानदार एखादे यंत्र दाखवतो, छापील पुस्तिका दुसरेच सांगते आणि अनुभवी शेजारी या दोन्हींना नावे ठेवून आपली तिसरी पद्धत सुचवतो. तिघेही आत्मविश्वासाने बोलतात. तिघांच्याही टाक्या चालू असतात. मग खरे कोणाचे मानायचे?

आमच्या मते घोटाळा 'फिल्टर' या शब्दापासूनच सुरू होतो. फिल्टर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चहाची गाळणी येते : चोथा वर राहिला, चहा खाली आला, चोथा टाकून दिला. मत्स्यालयात वापरली जाणारी बहुतेक साधने या अर्थाने गाळणी नाहीतच. ती घाण बाहेर काढत नाहीत, तिचे रूप बदलतात. म्हणून प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचारावा, असे आम्ही सुचवतो : टाकीत गेलेला नायट्रोजन शेवटी टाकीबाहेर कोणत्या वाटेने जातो? या लेखात प्रचलित पद्धती या एका कसोटीवर घासून पाहायच्या आहेत.

ही कसोटी केवळ शौकिनांसाठी नाही. पाठ्यपुस्तकातले नायट्रोजन चक्र जिथे रोज परीक्षेला बसते अशी ही काचेची पेटी आहे. शिवाय गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतांशी शेततळ्यांत व हौदांत पैदास केलेले असतात, तर समुद्री मासे बहुतांशी प्रवाळ खडकांतून पकडून आणलेले असतात. आपल्या चुकीच्या निवडीची किंमत मासा देतो आणि त्याच्या जागी दुसरा मासा पुन्हा समुद्रातूनच येतो.

आधी हिशेब

शंभर लिटरची टाकी घ्या. रोज अर्धा ग्रॅम कोरडे खाद्य टाकले. त्यात शेकडा ४५ प्रथिने आहेत असे धरू. म्हणजे २२५ मिलिग्रॅम प्रथिने. प्रथिनांत वजनाच्या सुमारे शेकडा १६ नायट्रोजन असतो, म्हणजे ३६ मिलिग्रॅम. त्यातला चौथा भाग माशांच्या वाढीत मुरला असे मानले तरी २७ मिलिग्रॅम नायट्रोजन रोज पाण्यात येतो. तो सारा नायट्रेटमध्ये रूपांतरित झाला तर (२७ × ६२ ÷ १४) जवळजवळ १२० मिलिग्रॅम नायट्रेट तयार होते. शंभर लिटरमध्ये ते लिटरला रोज १.२ मिलिग्रॅम आणि महिन्याला ३६ मिलिग्रॅम पडते. प्रवाळ खडकांवरच्या स्वच्छ पाण्यात नायट्रेट लिटरला एका मिलिग्रॅमच्याही पुष्कळ खाली असते.

"पण आम्ही दर महिन्याला वीस टक्के पाणी बदलतो" असे उत्तर येते. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे. पहिल्या महिन्याअखेर ३६. पाणी बदलल्यावर उरले २८.८. दुसऱ्या महिन्याअखेर ६४.८, तिसऱ्या महिन्याअखेर ८७.८. ही श्रेणी वाढत वाढत १८० कडे जाते आणि तिथे स्थिरावते. म्हणजे पाणी बदलणे निरुपयोगी नाही, पण एवढ्या बदलाने नायट्रेट ३६ वर थांबेल ही समजूत चुकीची आहे. दुसरी वाट नसेल तर नायट्रेट दहा आकड्यांत नव्हे, शंभरात जाते.

हिशेबातला आणखी एक तपशील खाऱ्या पाण्याचा आहे. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो : विद्युतभारित अमोनियम आणि मोकळा अमोनिया. विषारी असतो तो मुख्यतः मोकळा. सामू ७ असताना त्याचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी असते. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो आणि तिथे ते शेकडा ५ ते ७ पर्यंत जाते. त्याच वेळी २७ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर समुद्राच्या पाण्यात जेमतेम साडेसहा. विष अधिक आणि श्वास कमी, अशी ही दुहेरी अडचण आहे. गोड्या पाण्याच्या टाकीचा अनुभव इथे जसाच्या तसा लावता येत नाही, तो यामुळे.

स्पंज आणि कापूस

सर्वांत साधी गाळणी म्हणजे स्पंज किंवा कृत्रिम कापसाचा थर. पाणी त्यातून गेले की निवळ दिसते. पण अडकलेली विष्ठा व उरलेले खाद्य पाण्याच्या प्रवाहातच बसलेले असते आणि तिथेच कुजते. घरातला कचरा झाडून कोपऱ्यात लोटावा तसे हे झाले. दोन-तीन दिवसांनी स्पंज धुतला तर ती घाण खरोखर बाहेर गेली, महिनाभर धुतला नाही तर काहीच बाहेर गेले नाही. म्हणजे इथे शुद्धीकरण यंत्र करत नाही, धुणारा हात करतो. (धुताना टाकीतून काढलेले जुने पाणीच वापरावे. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उपयोगी जिवाणू मरतात.)

वाळूखालची जाळी

अनेक वर्षे घरोघरी चालत आलेली पद्धत म्हणजे तळाशी छिद्रांची जाळी, तिच्यावर भरड वाळू किंवा प्रवाळाचा चुरा, आणि हवेच्या पंपाने वाळूतून खाली ओढून वर फेकले जाणारे पाणी. वाळूच्या प्रत्येक कणावर जिवाणूंचा थर वाढतो. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट.

अमोनियापासून माशांना वाचवण्याचे काम ही पद्धत उत्तम करते. खर्च अल्प, दुरुस्ती सोपी. तिच्यावर 'जुनाट' असा शिक्का मारणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पण आपल्या कसोटीवर ती अर्धीच उतरते. वाळूतून सतत ऑक्सिजनयुक्त पाणी वाहत असल्याने नायट्रेटचे पुढे विघटन होऊन नायट्रोजन वायू होण्यास तिथे जागा नसते. वाट नायट्रेटपाशीच संपते. वाळूत गाळ साचत जातो तो वेगळाच. आणि वीज गेली की वाळूतले जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. भारनियमन अनुभवलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकांना याचे महत्त्व निराळे सांगायला नको. बंद डब्यातल्या फिल्टरची स्थिती तर याहून वाईट : काही तास बंद राहिलेला डबा तसाच चालू केला तर आतले सडके पाणी थेट टाकीत येते.

शिक्षकांसाठी एक टीप इथेच द्यायला हवी. पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी पाठ करून घेतली जाते. १९९६ मध्ये होव्हानेक आणि डीलाँग यांनी मत्स्यालयांतील जिवाणू त्यांच्या आरएनएवरून तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत नायट्रोसोमोनासचे गणगोत सापडले, पण नायट्रोबॅक्टर ना खाऱ्या पाण्यात आढळला ना गोड्या. पुढे १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात असे दिसून आले. २००५ मध्ये तर अमोनियावर जगणारा एक आर्किया गटातला सूक्ष्मजीव प्रथमच वेगळा करून वाढवण्यात आला, तो अमेरिकेतील सिएटलच्या मत्स्यालयातील खाऱ्या टाकीच्या खडीतून. मत्स्यालयाच्या वाळूने पाठ्यपुस्तकात दुरुस्ती केली, ही गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे.

ठिबकणारे पाणी

१९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांमुळे अमेरिकेत 'ओला-सुका' फिल्टर लोकप्रिय झाला. टाकीतले पाणी प्लॅस्टिकच्या गोळ्यांवरून ठिबकत खाली येते. गोळ्या ओल्या, पण भोवती हवा. जिवाणूंना ऑक्सिजनची ददात नाही. अमोनिया फार झपाट्याने नाहीसा होतो.

इथे चिकित्सेची खरी गरज पडते. 'अधिक कार्यक्षम' हे विशेषण कशाला लावले आहे? अमोनियाचे नायट्रेट करण्याच्या वेगाला. हा वेग कितीही वाढवला तरी आपल्या हिशेबातले महिन्याचे ३६ मिलिग्रॅम तसेच राहतात. पुष्कळ मासे आणि पुष्कळ खाद्य असलेल्या टाकीला हा फिल्टर उपयोगी आहे, यात वाद नाही. पण प्रवाळ पाळू पाहणाऱ्याला नायट्रेटचा जलद कारखाना विकणे म्हणजे रोग्याला चुकीचे औषध उत्तम वेष्टनात देणे होय.

जिवंत दगड आणि फेस

याच्या उलट टोकाला जाकार्ताचे ली चिन एंग. त्यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली 'निसर्गाची पद्धत' मांडली : समुद्राचे पाणी, समुद्रातून आणलेले जीवांनी भरलेले दगड, उजेड आणि हवेचे बुडबुडे. फिल्टर नाहीच. हे वाचून थंड देशांतल्या अनेकांनी प्रयोग केले आणि टाक्या सडल्या. एंग यांना ताजे दगड व ताजे पाणी हाताशी होते. लांबच्या प्रवासात दगडावरचे निम्मे जीव मरून आलेल्या शौकिनाला ते नव्हते. पद्धत खोटी नव्हती, तिच्या अटी लेखात पुरेशा उतरल्या नव्हत्या.

पुढे जर्मनीत, विशेषतः बर्लिनच्या शौकिनांनी, त्या दगडांना फेसयंत्राची जोड दिली. फेसयंत्र म्हणजे 'स्किमर'. त्याचे तत्त्व आपल्याला गुऱ्हाळात भेटते. काहिलीत रस उकळताना मळी फेसाबरोबर वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. स्किमरमध्ये बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला प्रथिनांसारखे सेंद्रिय रेणू चिकटतात आणि फेस होऊन एका पेल्यात जमा होतात. पेला ओतून दिला की ती घाण टाकीबाहेर गेली, तीही अमोनिया होण्याआधीच. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत, बारीकच राहतात, म्हणून हे यंत्र तिथे चालते आणि गोड्या पाण्यात जवळजवळ निकामी ठरते.

दगडाचे काम दुसरे. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन असतो, आतल्या छिद्रांत नसतो. वरचे जिवाणू नायट्रेट बनवतात आणि आतले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून नायट्रोजन वायू सोडतात. तो बुडबुड्यांबरोबर हवेत जातो. आपल्या कसोटीवर पूर्ण उतरणारी ही पहिली पद्धत. तिला चुन्याच्या निवळीची जोड असते. निवळी प्रवाळाच्या सांगाड्याला लागणारे कॅल्शियम पुरवते. ती अतिशय अल्कधर्मी असल्यामुळे थेंबाथेंबानेच सोडावी लागते.

तरीही स्किमरचे गुणगान तपासून घ्यावे. केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मोजमाप करून दाखवले की तपासलेली यंत्रे पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी शेकडा २० ते ३० एवढाच काढू शकतात. उरलेले रेणू बुडबुड्याला चिकटतच नाहीत. 'सर्व घाण काढतो' ही जाहिरात आहे, मोजमाप नव्हे.

वाळूचा जाड थर

१९८० च्या दशकात फ्रान्समधील नीस व मोनॅको येथे काम करणाऱ्या ज्याँ जोबेर यांनी वेगळा मार्ग काढला. वाळूचा जाड थर, त्याखाली स्थिर पाण्याची एक पोकळी आणि कोणताही पंप वाळूतून पाणी ओढत नाही. ऑक्सिजन हळूहळू झिरपत खाली जातो, खाली कमी होत जातो आणि तिथे नायट्रेटचा वायू होतो. दिसायला ही मांडणी वाळूखालच्या जाळीसारखीच, पण प्रवाह थांबवल्याने परिणाम उलटा. मुलांना 'एक चल बदलला' हे शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

मग वाद सुरू झाला तो पोकळीचा. ती हवीच, असे एक पक्ष म्हणे. नुसता जाड थर पुरे, असे दुसरा. वर्षानुवर्षे दोन्ही पक्ष आपापल्या टाक्यांचे दाखले देत राहिले. शेवटी टूनेन आणि वी यांनी अनेक सारख्या टाक्या मांडून वाळूची जाडी, कणांचा आकार आणि पोकळी यांचे वेगवेगळे मेळ तपासले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत पोकळी असण्या-नसण्याने लक्षणीय फरक पडला नाही. एवढ्या वादाचा निकाल एका नीट आखलेल्या प्रयोगाने लागला. तो आधी कोणी केला नाही, कारण प्रत्येकाची टाकी चालतच होती!

"माझी टाकी चालते, म्हणून माझी पद्धत बरोबर" हा या छंदातला सर्वांत प्रचलित युक्तिवाद आणि सर्वांत कच्चा. त्या टाकीत पद्धतीबरोबर इतर दहा गोष्टी वेगळ्या असतात : मासे किती, खाद्य किती, पाणी कधी बदलले, मालक किती काळजी घेतो. ज्यांच्या टाक्या बुडाल्या ते छंद सोडून गेलेले असतात, त्यांची साक्ष कोणी काढत नाही. वनौषधींपासून शिकवण्यांपर्यंत हाच युक्तिवाद आपल्याला रोज भेटतो.

शेवाळाची कापणी, आणि फॉस्फरसचा प्रश्न

समुद्री जीव वनस्पतींच्या साहाय्याने जगवण्याची कल्पना जुनी आहे. १८४६ मध्ये ॲना थाइन या बाईंनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरून आणलेले प्रवाळजीव लंडनमध्ये सुमारे तीन वर्षे जगवले. सुरुवातीला त्यांची मोलकरीण रोज खिडकीपाशी पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. पुढे समुद्री शेवाळाने ते काम हलके केले. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी हीच कल्पना शिस्तीत बसवली : प्रखर दिव्याखाली जाळीवर शेवाळ वाढू द्यायचे आणि ठराविक दिवसांनी खरवडून टाकायचे. शेवाळ अमोनिया व नायट्रेट शोषते, दिवसा ऑक्सिजन सोडते आणि खरवडले की सारे टाकीबाहेर जाते. खरवडले नाही तर मात्र हिशेब पुन्हा शून्यावर. पाण्याला येणारी पिवळसर झाक हा या पद्धतीवरचा नेहमीचा आक्षेप. तो खरा आहे, पण थोडा कोळसा वापरून दूर होतो.

या पद्धतीचा एक गुण मात्र फारसा बोलला जात नाही. खाद्यातून नायट्रोजनबरोबर फॉस्फरसही येतो. नायट्रोजनला वायुरूपाने पळून जाण्याची वाट आहे, फॉस्फरसला नाही. म्हणून जिवंत दगड आणि जाड वाळू नायट्रेट शून्यावर आणतात तेव्हाही फॉस्फेट साचत राहू शकते. ते बाहेर जाते ते कापलेल्या शेवाळातून, फेसाच्या पेल्यातून, बदललेल्या पाण्यातून किंवा लोहसंयुगाच्या कणांवर धरून ठेवल्याने. नायट्रोजनच्या कसोटीवर पूर्ण उतरलेल्या पद्धती या दुसऱ्या कसोटीवर अपुऱ्या पडतात. एकच पद्धत परिपूर्ण मानू नये, ती याच कारणाने.

आपण काय निवडावे?

नुसते मासे ठेवायचे असतील तर वाळूखालची जाळी किंवा सच्छिद्र दगड, बेताचा स्किमर, कमी मासे, मोजून खाद्य आणि वर केलेल्या गणितावरून ठरवलेला पाणीबदल एवढे पुरते. त्याला शेवाळाचा छोटा कप्पा जोडला तर फारच चांगले. टाकी जेवढी मोठी तेवढी चूक पोटात घालते. पाण्यासाठी स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचाही वाटा असतो. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाचे पाणीही घेऊ नये, ते निम्मे गोडे आणि गढूळ असते.

प्रवाळ पाळण्याची बर्लिन पद्धत शास्त्रदृष्ट्या उत्तम असली तरी तिच्या मुळाशी जिवंत दगड आहे, आणि तो कुठून आणायचा हा प्रश्न शास्त्राबाहेरचा म्हणून सोडता येत नाही. खडक बांधणारे सर्व प्रवाळ २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. मालवण, कच्छचे आखात, मन्नारचे आखात किंवा लक्षद्वीप येथून प्रवाळाचा दगड फोडून आणणे हा गुन्हा आहे. समुद्राची गोडी लावण्यासाठी समुद्राचाच तुकडा तोडणे शाळेला तर मुळीच शोभत नाही. जीव नसलेले सच्छिद्र चुनखडीचे किंवा चिनीमातीचे तुकडे चालू टाकीत काही महिने ठेवले की त्यांतही तेच जिवाणू वसतात. वेळ लागतो, एवढेच.

मासा न मारता प्रयोग

नवी टाकी 'पिकवण्यासाठी' त्यात आधी एखादा स्वस्त मासा सोडावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अमोनियात जगला तर ठीक, मेला तरी चालेल, असा त्याचा अर्थ. हा सल्ला शाळेने झिडकारावा. त्याऐवजी पुढील प्रयोग करावा. तो गोड्या पाण्यातही होतो.

पाच-पाच लिटरच्या तीन बरण्या घ्या. एक दिवस उघडे ठेवलेले नळाचे पाणी भरा. पहिलीत धुतलेली नवी खडी, दुसरीत चालू मत्स्यालयातली तेवढीच जुनी खडी, तिसरीत तीच जुनी खडी अर्धा तास उकळून. तिन्हींत हवेचा पंप सोडा. एक लिटर पाण्यात ४ ग्रॅम अमोनियम क्लोराइड विरघळवून त्यातले १० मिलिलिटर प्रत्येक बरणीत घाला. म्हणजे लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन झाला. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणी-संचाने अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट दर दोन दिवसांनी मोजून आलेख काढा. दुसऱ्या बरणीत अमोनिया बहुधा काही दिवसांत उतरेल, पहिल्या व तिसऱ्या बरणीला कित्येक आठवडे लागतील. मग मुलांना विचारा : दुसऱ्या बरणीतला अमोनिया गेला, तो गेला कुठे? नायट्रेटचा वर चढणारा आलेख त्याचे उत्तर देईल. हा आलेख ज्याने स्वतः काढला आहे तो विद्यार्थी पुढे दुकानात गेला तर "कोणता फिल्टर घेऊ?" असे विचारणार नाही. हा फिल्टर काय बाहेर काढतो आणि काय आतच ठेवतो, हे तो आधी विचारेल.